ठिपक्याएवढं नाक

सोमवारी इंदापूरच्या चौकात ट्रकने बहिणीच्या स्कूटीला धडक दिली. बुधवारी बारामतीच्या दवाखान्यात तिने डोळे उघडले, पण डॉक्टरांनी नाव विचारलं तरी ती छताकडेच बघत राहिली. स्पिरिटच्या वासात वडील तिच्यावर वाकून पुन्हापुन्हा विचारत होते, "पोरी, मला वळखलंस का?" डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, मेंदूला किती इजा झालीय ते ती काय ओळखते यावरून कळेल. तेव्हा मला आमचा खेळ आठवला. आम्ही दोघं जपानी ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिका, बघायचो आणि नावं येण्याआधीच दिग्दर्शक ओळखायचो, कारण प्रत्येकाने रंगवलेल्या मुलींचा चेहरा आणि प्रेमाची रीत ठरलेली असते. तिने न पाहिलेल्या मालिकेतलं एका मुलीचं चित्र मी मोबाइलवर तिच्यासमोर धरलं. "सांग, हे कुणाचं काम?" ती इतका वेळ बघत राहिली की पडद्याचा उजेड मालवला. मी तो पुन्हा लावला. "बटाट्याएवढे डोळे, ठिपक्याएवढं नाक," ती हळूच म्हणाली. "तोच तो रडका. आता ही गाव सोडून जाणार, आन मनातलं स्टेशनवर बी बोलणार न्हाय." "बरोबर!" मी म्हणालो. वडील हसता हसता रडायला लागले. "बापाला न्हाय वळखलं, आन जपानातला वळखला व्हय!" "आबा, तुमाला कशाला वळखायचं? तुमी हायच की." शुक्रवारी मेंदूतल्या रक्तस्रावाने ती गेली. इतक्या वर्षांनी आजही मी ॲनिमे बघतो, दिग्दर्शक ओळखतो, आणि चुकलो तर हसायला घरात कोणी नाही.