उणे ऐंशीतली वैष्णवी

नगरजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत हाडाच्या कॅन्सरवर काम चालतं. शोध किती लागले ते विचारू नका. किस्से मात्र उसाच्या मोळ्यांसारखे साठलेत, गाळप काही होत नाही!

*

आमचा विषय आरएनए. पेशीतले निरोप पोचवणारा, आणि भलताच नाजूक. उघडं बोट लागलं की खलास! म्हणून आमच्या प्रमुख मॅडमनी एक टेबल सोवळ्यात ठेवलंय. ग्लोव्हज घालून कुणी नुसतं नाक खाजवलं, तरी ओरडतात, "बाटलं! बदला!" घरी कधी देवपूजा न करणारी बाई!

*

नेवाशाची वैष्णवी, कबड्डीची कॅप्टन. गुडघ्याजवळ गाठ. ऑपरेशननंतर गाठीचा एक तुकडा तिच्याच परवानगीने आमच्याकडे आला. मी भेटायला गेलो तर म्हणाली, "सर, कुनीबी पाय धरला तरी मी सुटून लाईन गाठायची. ह्यानं लई घट्ट धरलाय."

मी हसलो. दुसरं काय करणार?

*

तिचे वडील, अण्णा, लॅबमध्ये यायचे. मी समजावलं, "आरएनएच्या निरोपांवर बारीक रासायनिक खुणा असतात. हिच्या गाठीत त्या भलत्याच जागी पडल्यात, असा आमचा संशय आहे. म्हणून पेशी वाढत सुटल्यात."

"मंग खुना पुसा की!"

"पुसायचं औषध अजून नाही, अण्णा. आम्ही नुसत्या वाचतो."

"वाचा. पन जरा बिगीबिगी वाचा."

आमचं वाचन सुरू व्हायच्या आधीच वैष्णवी गेली.

*

तरी अण्णा यायचेच. नगरला बाजाराला आले की तिचा तुकडा ठेवलेल्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरसमोर स्टूल ओढून बसायचे.

"बरी हाय ना?"

"बरी आहे," आम्ही सांगायचो. शास्त्र शिकलेल्या माणसांनी असं बोलू नये, पण बोलायचो. तसली गाठ आम्हाला दुसरी मिळाली नव्हती. आमचीही सगळी आशा त्या तुकड्यावरच होती.

*

खंडेनवमी आली. नवे वायरमन भागवतमामा, सारा जन्म साखर कारखान्यात गेलेला. त्यांनी फ्रीझर पुसला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, हात जोडले आणि बटण बंद केलं! दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही आलो, तर फ्रीझरखाली पाणीच पाणी.

"खंडेनवमीला मशिनलाबी इसावा नको व्हय?" मामा म्हणाले.

मॅडम सोवळ्याच्या टेबलावर उघडे हात टेकून रडल्या.

अण्णांना सांगायचं माझ्यावर आलं. "अण्णा, फ्रीझर बंद राहिला. वैष्णवीचा तुकडा वितळला. आता त्यातलं काही वाचता येणार नाही."

अण्णा फ्रीझरवरच्या सुकलेल्या हाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जाऊ द्या सर. पोरीला थंडी कधीच सोसली न्हाई."