भूमच्या तीन गोदामांचा मालक

निजामाच्या राज्यात धाराशिवला उतरायला तीन जागा होत्या. साहेबलोकांना डाकबंगला, देवाच्या माणसांना धर्मशाळा, आणि कचेरीच्या मागल्या अंगाला एक दुमजली हॉटेल, जे ना हे ना ते. खाली चहाचा हॉल, वर सहा खोल्या. वकील, ठेकेदार, भुसाराचे व्यापारी असली मंडळी कामानिमित्त वर उतरत. खोलीत लोखंडी खाट, खुर्ची, पाण्याची सुरई आणि आरसा. आरसा इतका लाटालाटांचा होता, की दाढी करताना मी दोनदा दुसऱ्याच कुणाचा तरी गाल कापला.

मी तिथं दोन रात्री राहिलो, दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत, आणि एकटा. माझं मूळ गाव भूमजवळचं, पण चार वर्षं बार्शीच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस रेचत होतो. सरकीच्या धुळीनं छातीत घर केलं होतं. खोकला असा, की मी येडशीला गाडीतून उतरलो आणि रामलिंगाच्या रानातली माकडं दोन कोस आत पळाली. हकीमसाहेबांनी निक्षून सांगितलं होतं, जिन सोडलं नाही तर दोन वर्षंही काढणार नाहीस. धाराशिवच्या एका कचेरीत अहलकाराची, म्हणजे कारकुनाची, जागा निघाली होती. माझं उर्दू अक्षर बरं होतं. येऊन लिहून दाखवा, असं उत्तर आलं. एवढं एक दार उघडं होतं.

गुरुवारी संध्याकाळी पोचलो. हॉटेलाचे मालक गल्ल्यावर बसले होते, मेंदी लावलेली दाढी, समोर पानदान. त्यांनी माझ्यामागं बघितलं, आणखी कोण येतंय म्हणून. कोणीच येईना.

"अकेलेच आलात व्हय?" त्यांनी विचारलं.

एकटा माणूस म्हणजे त्या काळी संशयाचं काम. कचेरीला येणारा माणूस साक्षीदार, भाऊबंद आणि भाकरीचं गाठोडं घेऊन यायचा. एकट्यादुकट्यांना ते खालच्या हॉलात सतरंजीवर जागा देत, खोल्या व्यापाऱ्यांसाठी. आता हॉलात वीस माणसं, आणि मध्ये माझा खोकला. पहिल्या उबळीला त्यांनी मला सतरंजीसकट रस्त्यावर ठेवलं असतं. तेव्हा मी घसा साफ करून सांगितलं, की मी भूमचा ज्वारीचा व्यापारी आहे, माणसं मागून येतील. मालकांनी लगेच किल्ली दिली आणि मला सेठ म्हणू लागले.

शुक्रवारी आंघोळ करून, धुतलेला कोट घालून कचेरीवर गेलो. दाराला कुलूप, पायरीवर एक शेळी. तिच्याकडून काही कळेना. मग ध्यानात आलं. आज जुम्मा. निजामी मुलखात शुक्रवारी कचेऱ्या बंद, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोराला ठाऊक. पण बार्शी इंग्रजांची, तिथं रविवारची सुट्टी, आणि चार वर्षांत मी माझ्याच मुलखाचा वार विसरलो होतो. जिनाच्या मुकादमानं रजा एक दिवसाची दिली होती. शनिवारी थांबायचं म्हणजे त्या दिवसाचीही रोजी गेली. मी थांबलो.

मोकळा दिवस वाईट. दुपारी नमाज आटोपून मालक परतले, त्यांच्याबरोबर एक वयस्क गृहस्थ, स्वच्छ शेरवानी, सोनेरी काड्यांचा चष्मा. मालकांनी मला चहाला बोलावलं आणि सेठ म्हणून ओळख करून दिली. गृहस्थांनी अदबीनं विचारलं, ज्वारी कितीशी आहे? आता मला कोणी असं अदबीनं विचारलं की माझं मलाच आवरत नाही. मी म्हणालो, तीन गोदामं. पोत्यांची थप्पी इतकी उंच, की हमाल न्याहरी करून चढायला लागतो आणि दुपारची भाकरी वरच खातो. एकजण मागच्या पावसाळ्यात चढलाय, अजून उतरला न्हाय. मालक खूश झाले. गृहस्थांनी चहात साखर ढवळत सरकारी लेव्हीचं विचारलं. लढाईमुळं सरकार सक्तीनं धान्य उचलत होतं, तीच लेव्ही. मी सांगितलं, लेव्ही मागायला आमच्याकडं अजून कोणी फिरकलंच नाही. त्यांनी मान हलवली आणि चहा संपवला.

शनिवारी कचेरीचं दार उघडं होतं. आत मेजामागं तेच गृहस्थ.

ओळखीची एक रेघही त्यांच्या तोंडावर उमटली नाही. त्यांनी कागद आणि बोरू पुढं सरकवला आणि उर्दूत मजकूर सांगू लागले. मी लिहू लागलो. मराठीत सांगायचं तर असा: भूम येथील एका व्यापाऱ्याने तीन गोदामे ज्वारी दडवून ठेवल्याचे त्याच्याच तोंडून समजते, लेव्ही दिलेली नाही, सदर इसम कचेरीमागच्या हॉटेलात उतरला आहे, त्यास हजर करावे. मध्ये दोनदा खोकला आला. ते थांबले, मी तोंड पुसलं, पुढं लिहिलं. अक्षराशिवाय माझ्यापाशी दाखवायला काहीच नव्हतं. म्हणून प्रत्येक ओळ सरळ ओढली.

त्यांनी कागद उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"यातलं खरं किती?" त्यांनी विचारलं.

"अक्षर खरं आहे, साहेब. बाकी सगळं खोलीसाठी बोललो. खोकल्यामुळं हॉलात कोणी झोपू दिलं नसतं."

"आणि तो हमाल?"

"तो बी खरा न्हाय, साहेब."

त्यांनी चष्मा काढून पुसला. हुकूम आता लिहिला गेला आहे, म्हणाले, तो फाडता येत नाही, त्याला रीतसर उत्तर लागतं. आणि जागेवर माणूस नसल्यामुळं उत्तरं तुंबली आहेत. मग खिडकीजवळच्या रिकाम्या बैठकीकडं बोट केलं.

मी तिथं बसलो आणि नोकरीतलं पहिलं काम केलं. चौकशी करता असे आढळले, की असा व्यापारी भूम येथे नाही, गोदामे नाहीत, ज्वारीचा दाणा नाही. एवढ्यावर माझं भागेना, म्हणून गोदामांच्या जागी निवडुंग किती उंच माजलाय तेही घातलं. साहेबांनी वाचलं आणि निवडुंग काढायला लावला.