ह्यांचा अंगठा न घेणारं लॉक

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठीच वाचते. घाटात लिफ्ट मागणारी बाई, पिंपळाखालचा माणूस... मी वाचायचे आणि आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे. दोघंही पोट धरून हसायचो. आम्ही बौद्ध. आमच्यात श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. माणूस गेला म्हणजे गेला. त्यात मी शाळेत क्लार्क म्हणून नोकरी केलेली, प्रत्येक गोष्टीला पुरावा मागायची सवय. त्यामुळे हे लिहायला बसले तेव्हा आधी माझी मलाच लाज वाटली. पण सांगणार कोणाला? विहारातल्या बायका म्हणतील, "गायकवाड बाई, तुम्हीसुद्धा?" म्हणून इथे लिहिते आहे. हसायचं असेल तर हसा, मीही हसलेच असते.

आमचं घर जुळे सोलापुरात. लहानसं रो-हाऊस, गल्लीच्या अगदी शेवटी. पुढे जाळीचा व्हरांडा, मग मुख्य दार. हे अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. सकाळी बाईकवर डबा लावून जायचे, दिवे लागायच्या सुमारास यायचे. दाराला जुनं लॅच होतं आणि त्याची एक खोड होती. दार आधी स्वतःकडे जोरात ओढायचं, धप्प असा आवाज व्हायचा, आणि मग किल्ली फिरवायची. नुसती किल्ली घालून ते लॅच कोणाच्या बापालाही उघडायचं नाही. ही खोड आम्हा दोघांनाच जमायची, लेकीलासुद्धा नाही.

आमच्या घरात आणखी एक पद्धत होती. घरातलं शेवटचं माणूस आत आलं की त्याने दाराला आतून कडी घालायची. त्याआधी नाही. ह्यांच्या आईपासून चालत आलेलं. प्रज्ञा, आमची एकुलती एक लेक, कॉलेजातून उशिरा यायची तेव्हा ती येईपर्यंत कडी उघडीच असायची. शेवटचे बहुतेक हेच असायचे. कडी पडल्याचा आवाज आला की मी आमटी गरम करायला ठेवायची.

प्रज्ञा आता बंगलोरला नोकरी करते. माझे गुडघे दुखायला लागले आणि त्याच सुमारास गल्लीत एक घरफोडी झाली. झालं, सुट्टीत येताना बाईसाहेब इलेक्ट्रॉनिक लॉक घेऊनच आल्या. बोट लावलं की दार उघडतं, "आई, तुला उठायलाच नको!" जुनं लॅच काढलं, आतली कडीही काढली, कारण नवीन लॉकचा डबा बरोबर त्याच जागेवर येत होता. माझं बोट लगेच घेतलं. ह्यांचं काही घेईना. अंगठा लावला, लाल दिवा. दुसरं बोट, लाल दिवा. टीं-टीं-टीं. सगळी बोटं झाली. प्रज्ञा हिरमुसली.

"त्येचा काय दोष न्हाय," हे म्हणाले. "जलमभर सूत आन् तेल. रेशनच्या दुकानात तरी कुटं उठतोय माझा अंगठा?"

प्रज्ञा चहा ठेवायला आत गेली तेवढ्यात ह्यांनी माझा डावा हात धरला, माझं अंगठीचं बोट काचेवर दाबलं आणि ओरडले, "आलं बघ, प्रज्ञा! घेतलं की गं!" लेक पळत आली, खूश झाली आणि त्या बोटापुढे तिने 'बाबा' असं नाव टाकलं. हे माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होते. पोरीने हौसेनं आणलेली वस्तू, तिचं मन कशाला मोडा, एवढंच त्यामागे होतं.

पण झालं काय, की मला उठायला नको म्हणून आणलेल्या लॉकपायी रोज संध्याकाळी मलाच उठावं लागायचं. आकडे दाबायचा नंबरही होता, पण तो ह्यांच्या लक्षात राहायचा नाही. रोज एकदा अंगठा मात्र लावून बघायचे. आत मला टीं-टीं-टीं ऐकू यायचं आणि पाठोपाठ आवाज, "उघड की गं. ह्ये तुझं मशीन मला वळकत न्हाय."

"मी ओळखते ना, या आत," मी म्हणायची. जुन्या लॅचची किल्ली मात्र त्यांनी खिशातून काढली नाही. कशाला बाळगता म्हटलं तर, "ऱ्हाऊ दे की, सवय हाय."

हे गेले कारखान्यातच. मागावर वाकलेले असताना छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तिथून त्यांना थेट कुंभारीला नेलं, थोरल्या दिरांच्या घरी, कारण सगळी भावकी तिथे. मलाही तिकडेच नेलं. पुण्यानुमोदनाचा विधी होईपर्यंत मी तिथेच होते. दिरांनी ह्यांच्या खिशातल्या वस्तू माझ्या हातात दिल्या, चष्मा, मोबाईल, रुमाल. किल्ली नव्हती. मी विचारलं, तर म्हणाले, "एवडंच हुतं बघा." बाईकवरच्या पिशवीत, कारखान्यातल्या कपाटात, सगळीकडे बघून झालं. सापडली नाही.

तेव्हा डोक्यात आलं नाही, नंतर आलं. हे सकाळी घरातून गेले ते गेलेच. या दारातून परत आत आलेच नाहीत.

प्रज्ञा थोडे दिवस राहिली आणि गेली. "चल माझ्याबरोबर" म्हणत होती, पण तिथे दिवसभर मी भिंतींशी बोलणार का? इथे निदान भिंती ओळखीच्या. पण खोटं कशाला बोलू... एकटं घर फार वाईट. दुपार कशीबशी निघते. दिवे लागायची वेळ खायला उठते. स्वयंपाक एका माणसाचा करता येत नाही हो, हाताला सवयच नसते.

अशाच एका संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि बाहेर आवाज आला.

टीं-टीं-टीं.

पिठाचे हात तसेच घेऊन मी दार उघडलं. व्हरांड्यात कोणी नाही. जाळीचं दार बंद, त्याची खिट्टी आतून लावलेली. पाल असेल म्हणून कोपरे बघितले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी हॉलच्या खिडकीत उभीच राहिले. तिथून लॉक दिसतं. व्हरांडा रिकामा होता. लॉकवरचे आकडे आपोआप उजळले, बोट टेकवल्यावर उजळतात तसे. मग लाल दिवा. टीं-टीं-टीं. माझ्या डोळ्यांदेखत!

प्रज्ञाला फोन केला. "आई, आपल्याकडची धूळ आणि ऊन, सेन्सर खराब झाला असेल. पुसून घे." पुसला. सेल बदलले. काही फरक नाही. बिघडलेली वस्तू कधीही वाजेल ना? हे रोज त्याच वेळेला, आणि एकदाच. लॉकला कोणी हात लावला की तिच्या मोबाईलवर नोंद दिसते, पण तिथे म्हणे तसं काही दिसतच नव्हतं. तिने फार विचारू नये म्हणून मीच विषय बदलला.

मी तरीही मानलं नसतं. पण शेजारच्या बिराजदार मावशी एकदा भाजी निवडत माझ्याकडे बसल्या होत्या, आणि बाहेर टीं-टीं-टीं झालं. मावशी मेथीची जुडी सोडवता सोडवता सवयीनं बोलून गेल्या, "जा गं, उघड जा. दादा आले बघ."

मग त्यांचे हात थांबले. "अय्यो शिवने," त्या हळूच म्हणाल्या. "शांती करून घे गं बाई. तुमच्यात चालत नसंल तर मी करते की माझ्या नावानं."

"सेन्सर खराब आहे, मावशी," मी म्हटलं. त्यांनी अर्धी मेथी तशीच टाकली आणि गेल्या.

तुम्हाला वाटेल, मी घाबरले असेन. नाही घाबरले. उलट दुपारपासून वाट बघायला लागले. साडी बदलायची, केस विंचरायची. वाजलं की दार उघडायची, "या" म्हणायची. पण दारातून आत कोणी आल्यासारखं कधी वाटलं नाही. एकदाही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर तेच टीं-टीं-टीं. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर सारखं एकच मनात यायचं. दिवसभर उभं राहून काम केलेला माणूस, स्वतःच्या पैशानं बांधलेलं घर, आणि रोज दारातून परत जातो आहे. मशीन त्याला ओळखत नाही. मी उघडते तेही पुरत नाही. त्याला स्वतःच्या हातानं यायचं असेल का?

लॉक काढायचं ठरवलं. प्रज्ञा चिडली. "आई, तू पडलीस-बिडलीस तर मी इथून दार उघडून शेजारच्यांना आत पाठवू शकते. ते सोडून तुला पुन्हा ते जुनं डबडं लावायचंय?" तिचं खरंच होतं. आणि माझी भीती त्याहून मोठी होती, ती तिला सांगता येत नव्हती. लॉक काढलं आणि तो आवाजही गेला तर? एवढंच तर उरलं होतं माझ्याकडे.

तरी रफिकभाईंना बोलावलं. सुतारकाम, कुलपं, सगळं करतात. माणूस बडबड्या आणि भलताच घाईचा. येताच स्क्रू ड्रायव्हर काढून सवयीनं दार लावायला निघाले. मी ओरडले, "अहो, उघडं राहू द्या! आत अडकलो तर?"

"हौ हौ भाभी, सच्ची बात," म्हणत त्यांनी दाराखाली वीट सरकवली आणि बोल्ट बाहेर काढून ठेवला, म्हणजे दार चुकूनही बसणार नाही. मग म्हणाले, "पैले सबके उंगल्या मिटाना पडता. नंतर सेल काढू."

आधी लॉकमधली सगळी बोटं पुसायची. मी म्हटलं, थांबा जरा. बाहेर गेले, डाव्या हाताचं अंगठीचं बोट काचेवर ठेवलं. हिरवा दिवा, घर्र करून बोल्ट आत गेला. 'बाबा' आले. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि रफिकभाई बिचारे उगाचच पेटीत खिळे शोधत बसले. मग मी सगळं पुसून टाकलं.

आतलं झाकण, सेल, मग वायरची पिन. "भाभी, बाहेरून धरा, नायतर वायरसकट खाली यील." शेवटचे लांब स्क्रू निघाले आणि बाहेरचा भाग माझ्या हातात आला. चांगलाच जड होता. दाराला भोक पडलं होतं, त्यातून व्हरांडा दिसत होता. त्यावर लाकडी पट्टी मारून रफिकभाईंनी माळ्यावरचं जुनं लॅच बसवलं, आतली कडी लावली आणि माझ्याकडची किल्ली फिरवून बघितली. फिरेना. "खराब है ये." मी दार ओढलं, धप्प, आणि फिरवून दाखवली. "कमाल है," म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

दार लावून मी हॉलमध्ये खुर्ची घेऊन बसले. कडी घातली नाही. दिवे लागले. रोजची वेळ झाली. काही नाही. समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली, कुणाची तरी गाडी गेली, अंधार पडला. काही नाही. आपल्याच हातांनी घालवलं, असं वाटून मी तोंडात पदर कोंबून रडले. मग उठले, पोळ्या तरी कराव्यात म्हणून आत वळले.

मागे आवाज झाला. धप्प.

मग किल्ली फिरली.

वळून बघितलं तेव्हा दार वीतभर उघडलं होतं. बाहेर व्हरांड्याचा दिवा, जाळीच्या दाराची खिट्टी आतून लावलेली. लॅचला बाहेरून किल्ली नव्हती. माझी किल्ली समोर खुंटीवर लटकत होती.

वाऱ्यानं लॅच उघडत नाही. नवीन बसवलेलं लाकूड ढिलं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी रफिकभाईंना पुन्हा बोलावलं, त्यांनी हलवून बघितलं, जाम घट्ट होतं. प्रज्ञाला यातलं काही माहीत नाही, हे वाचेल तेव्हाच कळेल. ह्यांची किल्ली अजून सापडलेली नाही. त्या संध्याकाळनंतर मात्र घरात कसलाही आवाज झालेला नाही, आणि मला खरंच कळत नाही की काय झालं. पुरावा मागाल तर एक जुनं लॅच आहे, येऊन बघा.

त्या संध्याकाळी मी एवढंच केलं. दारापाशी गेले, "या" म्हटलं. थोडा वेळ तशीच थांबले. मग दार लावलं, आतून कडी घातली आणि आमटी गरम करायला ठेवली.

रात्री प्रज्ञाचा फोन आला; लॉक काढून कडी बसवल्याचं तिला दुपारीच कळवलं होतं. "आई, एकटीच आहेस, कडी घातलीस का?"

"घातली," मी म्हटलं. "सगळे आलेत."

ती म्हणाली, "जेव आता."