जायफळ जरा जास्त पडलं

अंधेरीच्या एमआयडीसीत कॉफीची मशीन विकणारी एक कंपनी होती. तिथल्या पॅन्ट्रीत सुगंधा राऊळ सोळा वर्षं कामाला होत्या आणि एवढ्या वर्षांत त्या मशीनमधला एक थेंबही त्यांनी चाखला नव्हता. त्या चहावाल्या. घरून थर्मासमधून आल्याचा चहा आणायच्या आणि मशीनच्या मागे उभ्या राहून प्यायच्या. कंपनीत चहाला बंदी नव्हती, पण कोणी पिताना दिसलं की साहेब दुखावायचे.

मागच्या जानेवारीत दोन पाहुणे आले. इटलीचा मार्को आणि तुर्कस्तानच्या एमिनेबाई. मॅनेजर अक्षताने ठरवलं, की प्रत्येकाने आपापल्या देशाची कॉफी करून पाजायची.

"सुगंधाताई, भारताची तुम्ही करा."

"भारताची मला येत नाही. सावंतवाडीची येते."

"चालेल ना. झकास."

सावंतवाडीची म्हणजे त्यांच्या आईची. दूध आटवायचं, साखर सढळ हाताने, कॉफी पावडर नावाला आणि वरून जायफळ. घरी त्यांनी नवऱ्याला, दशरथला, हे सांगितलं तर तो म्हणाला, "अगो, ती कॉफी न्हय, खीर ती."

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी मार्कोची. त्याने इवल्याशा कपात दोन घोट काळीकुट्ट कॉफी दिली आणि बजावलं, की सकाळी अकरानंतर दुधाची कॉफी मागणारा माणूस त्याच्या गावात एक तर पर्यटक असतो, नाही तर आजारी. अक्षताने ते मराठीत सांगितलं. सुगंधाताईंनी घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते आणि गॅसवर तीन लिटर दूध आटत होतं.

एमिनेबाईंनी लांब दांड्याच्या भांड्यात कॉफी उकळली. ती पिऊन झाली, की कप बशीत पालथा घालायचा आणि आत उरलेल्या गाळात त्या भविष्य बघायच्या. सुगंधाताईंनी नाक दाबून ती कशीबशी संपवली.

"तुमच्यापुढे लांबचा प्रवास दिसतोय," एमिनेबाई अक्षतामार्फत म्हणाल्या.

"हो ना. मुलुंडला जायचंय."

मग सुगंधाताईंची पाळी आली. मार्को पातेल्यात डोकावून सायीकडे असा बघत राहिला, की त्या घाबरल्या. घाबरलं की त्यांचे हात चालू राहतात. किसणीवर एक आख्खं जायफळ संपलं, मग दुसरं संपलं, तरी त्यांचं लक्षच नव्हतं.

कॉफी मात्र सगळ्यांनी दोन-दोन कप घेतली. मार्कोने तीन. नंतर मीटिंग सुरू झाली.

अर्ध्या तासाने सुगंधाताई कप उचलायला गेल्या. आत नऊ माणसं गाढ झोपली होती. मार्कोचं डोकं एमिनेबाईंच्या खांद्यावर, अकाउंट्समधला सुयोग घोरत होता आणि अक्षता हातात रिमोट धरून खुर्चीत कलंडली होती.

वाट लागली, गेली नोकरी, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी मार्कोच्या नाकासमोर हात धरून पाहिला. श्वास चालू होता. मग घरी केलं असतं तेच त्यांनी केलं. पडदे ओढले, दिवे घालवले, एसी कमी केला आणि बाहेर स्टूल टाकून बसल्या. येणाऱ्याला सांगत होत्या, "महत्त्वाची मीटिंग आहे. आत जाऊ नका."

पाऊण तासाने मार्को डोळे चोळत बाहेर आला. त्याच्यामागून अक्षता, चेहरा लालबुंद.

"काय म्हणतोय तो?" सुगंधाताईंनी भीतभीत विचारलं.

"म्हणतोय, विमानात बसल्यापासून तीन रात्री त्याला झोप नव्हती. हे आपल्या मशीनमध्ये घालायचं म्हणतोय. वेगळं बटण."

"मग?"

"मग काय, सुगंधाताई. कुठलं ऑफिस घेईल असलं मशीन?"

मार्कोने वही काढून कृती उतरवून घेतली. पण जायफळ त्याच्या जिभेवर बसेना. "जाइफाल," तो म्हणायचा. सुगंधाताईंनी त्याला पाच वेळा म्हणायला लावलं, कारण चुकीचं नाव घेतलं तर वाणी भलतंच बांधून देतो. पाचव्यांदा त्याला बऱ्यापैकी जमलं. तेव्हा कुठे त्यांनी डब्यातली चार जायफळं कागदात बांधून त्याच्या हातावर ठेवली.