डावखुऱ्या गॉडफ्रेचं घुमट

आमच्या आळीत लग्न ठरलं की हॉलच्या आधी गॉडफ्रे ठरतो. घुमटावर त्याच्यासारखी थाप अख्ख्या वसईत नाही, हे मी शेजारी म्हणून नाही, कान शाबूत असलेला माणूस म्हणून सांगतो. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं. बगलेत दाबून वाजवायचं. सगळे ते डाव्या बगलेत धरतात. हा डावखुरा, म्हणून उजव्या!

तरुणपणी जांभळावरून पडला, मणका मोडला, पाय गेले. चाकाच्या खुर्चीत बसला तरी घुमट सुटलं नाही. पण लघवीची नळी, सारखा ताप, शेवटी मूत्रपिंडांवर बेतलं. डॉक्टर म्हणाले, मूत्राशय काढू. आतड्याच्या तुकड्यातून वाट करून लघवी पोटावरच्या पिशवीत आणू.

ऑपरेशनला हा घाबरला नाही. मला म्हणतो, "जयरामकाका, पिशवी उजवीकडे लावतात म्हणे. तिथं तर घुमट टेकतं. आमच्या पुतणीच्या, टिफनीच्या लग्नात मी काय नुसत्या टाळ्या वाजवणार?"

"मग सांग की डॉक्टरांना."

"ते जीव वाचवतायत. त्यांना मडक्याचं काय सांगू?"

आदल्या दिवशी रचना सिस्टर पेन घेऊन आली. "रोज बसता तसे खुर्चीत बसा. पिशवीच्या जागेची खूण करायचीय."

हा फोटोला बसल्यासारखा ताठ! त्याची बायको इझाबेल म्हणाली, "असा कधी बसतोस रे तू?" आणि चादरीखालून घुमट काढून त्याच्या बगलेत दिलं. ते हॉस्पिटलात आणताना वॉचमनला मी दह्याचं मडकं म्हणून सांगितलं होतं.

"वाजवा बघू," सिस्टर हसत म्हणाली.

त्यानं लाजत थाप मारली. शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "अजून एक होऊन जाऊ दे!"

सिस्टरनं वाकून पाहिलं, डॉक्टरांना बोलावलं. त्यांनीही ऐकलं, पोटाच्या घड्या पाहिल्या आणि म्हणाले, "डावीकडे जमेल." खूण डावीकडे झाली.

टिफनीच्या हळदीला मांडव दणाणला. ऐन रंगात गॉडफ्रेनं हात वर केला. "थांबा रे, टाकी भरली!" नवरीनंच खुर्ची आत ढकलली. घुमट माझ्याकडे होतं. म्हटलं, बघू जरा, आणि एक थाप मारली.

आतून ओरडला, "काका, खाली ठेवा ते! आलोच मी!"