ग्रेडरचे तीन स्टार

मोताळ्याच्या जिनिंग कारखान्यात मी वजनकाट्यावर असतो आणि तिथे एक ग्रेडर आहेत, कापसाची प्रत ठरवणारे. गाडी आली की कोपरापर्यंत हात खुपसून तळातला कापूस काढतात, चिमटीत ओढून धागा पाहतात आणि मगच बोलतात. "वरचा कापूस सगळ्यायचाच चांगला असते."

जेवणाच्या सुट्टीत ते मोबाईलवर गेम खेळतात. ज्या गेमवर लोक भांडतात, नेमके तेच निवडतात, आणि शेवट गाठल्याशिवाय मत देत नाहीत.

माझ्या मुलीनं पुण्यात एक गेम बनवला. लोकांनी त्याला पाच स्टार तरी दिले, नाहीतर एकच. मी तो त्यांना दाखवला. आठ दिवस ते सुट्टीत तोच खेळत होते. मग म्हणाले, "तीन देल्ले. सुरुवात झकास हाय, पन आखरीले पोरीनं घाई केली. तुमाले काय वाटलं?"

"मलेई तसंच वाटलं," मी म्हणालो.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, एकानं तीनच स्टार दिलेत, पण शेवटाबद्दल लिहिलंय. पहिल्यांदाच कोणीतरी शेवटपर्यंत खेळलंय!"

माझे पाच स्टार पहिल्याच दिवशीचे होते. दुसऱ्या टप्प्यापुढे मी कधी गेलोच नव्हतो.