हरमल ते सर्वण: बाबा आत, चावी माझ्याकडे

डिचोलीला जायची गोष्ट बाबांनीच काढली. दिवाळीत मी गावी गेले होते, तेव्हा अंगणात आमच्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारून ते म्हणाले, "एकदा ह्या गाडीतसून माका डिचोलीक ने गो. खाणी बंद पडल्यापास्ना मी त्या वाटेक गेलंयच नाय."

आमचं गाव बांद्याजवळ. तिथून बाबा उमेदीची सगळी वर्षं गोव्यात डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायला गेले. खाणीत खनिज भरायचं, नदीकाठच्या धक्क्यावर ओतायचं, आणि तिथून ते बार्जींतून, म्हणजे सपाट मालवाहू होड्यांतून, मुरगाव बंदराला जायचं. आठवड्याने घरी येत, तेव्हा त्यांच्या कानांच्या मागेसुद्धा लाल धूळ असे. आता पंचाहत्तरी उलटली आहे, गुडघे दुखतात, लायसन्सची मुदत केव्हाच संपली. आणि मला गाडी हातात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. नवऱ्याला रजा नव्हती. "मी एकटी नेते," असं म्हटल्यावर बाबांनी चारही टायर अंगठ्याने दाबून बघितले.

डिसेंबरात कोल्हापूरच्या घरून निघाले. कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी. पहाटे सहाला निघालात तर अकराच्या आत बांदा गाठता येतं. आंबोलीच्या घाटात सकाळी धुकं असतं, घाई करू नका. बाबांना घेतलं आणि पत्रादेवीवरून गोव्यात शिरलो. पेडण्याच्या बाजारात उंडे आणि पातळ भाजी खाल्ली. उंडे म्हणजे तिथले गोल, कडक पाठीचे पाव. दोघांचं पोट भरलं आणि शंभराची नोट मोडून पैसे परत आले. पेडण्याहून हरमल अर्ध्या तासावर. डिचोली दुसऱ्या दिवशी करायची आणि पहिली रात्र समुद्राकाठी काढायची, हा माझा बेत होता. बाबा म्हणाले, "समुद्र माका नवो नाय, पण तुका होयो तर चल."

पेडणे सोडल्यावर त्यांचे डोळे मिटायला लागले. मी गाडी बाजूला घेऊन त्यांची सीट पार मागे पाडून दिली. तेव्हा ते मला मायेचं वाटलं. पुढे कळलं की चालत्या गाडीत पाठ अशी आडवी केली की पट्टा छातीवरून सुटून गळ्याशी येतो, आणि गचका बसला तर माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो. बाबा त्या दहाबारा किलोमीटरांत दोनदा खाली घसरले, आणि दोन्ही वेळा झोपेतच वर सरकले.

हरमलला पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. गाडी माडांखाली एका मोकळ्या जागेत लावली. बाबा गाढ झोपले होते. खोली बघून पाच मिनिटांत येते, त्यांना उगाच चालवायला नको, असा विचार केला. त्यांच्या बाजूची काच बोटभर खाली ठेवली, इंजिन बंद केलं, उतरले आणि चालता चालता मागे न वळताच रिमोटचं बटण दाबलं. टुक् टुक्. वर्षभराची सवय. हाताने दाबलं, डोक्याला विचारलंच नाही.

खोलीवाली बाई गप्पिष्ट होती. खोली पहिल्या मजल्यावर, हवेशीर, भाडं बाराशे, सकाळचा चहा त्यातच. गॅलरीत गेले तर समोर सगळा समुद्र. तेवढ्यात खाली कुठेतरी गाडीचा भोंगा वाजायला लागला. वाजतोय, थांबतोय, पुन्हा वाजतोय.

"लोकांना गाड्या घ्यायच्या कळतात, लावायच्या कळत नाहीत," मी म्हणाले.

"सदांचेंच तें," बाई म्हणाली. "कोणूय आड गाडी लायता आनी भोंग्याचो बोवाळ सुरू जाता."

मी ब्लॉगसाठी फोटो काढत राहिले. उजवीकडची टेकडी, ओढून ठेवलेल्या होड्या, मग सगळं मिळून एक. ते फोटो या लेखात घातलेले नाहीत. बाईने चहा दिला, तो प्याले. भोंगा चालूच होता. खाली उतरले, माडांपाशी आले, तेव्हा गर्दी दिसली. आणि गर्दीच्या मधोमध चारही दिवे लुकलुकणारी गाडी. आमची.

बाबा गाडीला पाठ लावून उभे होते. सदरा घामाने अंगाला चिकटलेला, एका पायात चप्पल नाही. स्कूटर भाड्याने देणाऱ्या एका माणसाने त्यांचं मनगट धरलेलं. जोराने नाही, पण धरलेलं. मी घाईने आधी बंद करायचंच बटण दाबलं, मग उघडायचं. आवाज थांबला. अचानक सगळं शांत झाल्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बाये, गाडी तुजी?" त्या माणसाने विचारलं. "हो मनीस भितरल्यान दार उगडून भायर सरलो. चावी खंय म्हण विचारलें तर ना. गाडयेचो नंबर विचारलो, तोय म्हायत ना. आमकां चोर म्हण दुबाव आयलो."

"ते माझे वडील आहेत."

त्याने मनगट अशा झटक्याने सोडलं की बाबांचा हात क्षणभर तसाच वर राहिला. "सॉरी हां काका," तो म्हणाला, आणि धावत जाऊन पलीकडच्या दुकानातून थंड पाण्याची बाटली घेऊन आला. बाबांनी ती घेतली, दोन घोट प्याले, आणि त्याला म्हणाले, "तुझी काय चूक नाय. तू बरोबर केलंस."

काय झालं होतं ते तुम्हीही लक्षात ठेवा. रिमोटने गाडी बंद केली की ती समजते, आत कुणी नाही. मग आतल्या माणसाने दार उघडलं तरी तिच्या लेखी ती चोरीच. बाबा उकाड्याने जागे झाले. काच खाली करायचं बटण दाबलं, पण चावी नसताना ते चालत नाही. सीट सरळ करायचा दांडा कुठे आहे ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून आडव्या सीटवरून गुडघे सांभाळत ते कसेबसे उठले, दाराची कडी दोनदा ओढली. दार उघडलं आणि भोंगा सुरू झाला. वीसेक मिनिटं ते त्या बंद गाडीत होते. माडांची सावली होती म्हणून निभावलं.

संध्याकाळी वाळूवर बसलो. मी तीनदा माफी मागितली. बाबा "असू दे गो" म्हणाले, पण जेवताना बांगड्याचं हुमण, म्हणजे तिथली माशाची आमटी, अर्धं टाकून उठले. हॉटेल चांगलं होतं, दोष स्वयंपाकाचा नाही. एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. भोंगा ऐकूनही मी चहा पीत होते, ही.

सकाळी मी उठले तर बाबा आंघोळ करून, कपडे घालून तयार.

"ती चावी आण. बटणांचा काय ता माका दाखव."

आम्ही गाडीपाशी गेलो. तो कालचा माणूस स्कूटर पुसत होता, त्याला मी आधीच सांगून ठेवलं की आता भोंगा वाजला तर आम्हीच आहोत. मग बाबांनी सगळं करून बघितलं. बंद करायचं बटण, उघडायचं बटण, डिकीचं, आणि लाल रंगाचं, संकटात मुद्दाम भोंगा वाजवायचं. ते चुकून दाबलं गेलं तर घाबरायचं नाही, उघडायचं बटण दाबलं की गप्प होतो. मग मी बाहेर आणि ते आत, असं करून दोनदा बघितलं. शेवटी नियम त्यांनीच केला: गाडीत कुणी बसून राहणार असेल तर चावी त्याच्याकडे. बाहेर जाणाऱ्याने नुसतं दार लावून जायचं, आतल्याने हवं तर आतून कडी घालायची.

"आणि बसणारो कोण असात तेका आधी विचारायचा, तू बसतलंस काय येतलंस," असंही त्यांनी घातलं. मी मान हलवली.

नंतर ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. पाय मावेनात म्हणून मी सीट मागे घेऊन दिली. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते थोडा वेळ समोर बघत बसले. मी मुद्दाम घाई केली नाही.

निघायला साडेनऊ वाजले. मी बसले, खालचा दांडा ओढून सीट पुढे घेतली आणि निघाले. पेडणे, कोलवाळचा पूल, म्हापसा. म्हापशात शुक्रवारचा बाजार होता, तिथेच अर्धा तास गेला. शुक्रवारी जाणार असाल तर गावाबाहेरच्या रस्त्याने जा. पुढे अस्नोड्यानंतर रस्ता मोकळा झाला, दोन्हीकडे काजूची झाडं. एका चढावर मी गिअर बदलून वेग दिला आणि माझी सीट माझ्यासकट मागे गेली.

एवढंच झालं, पण तेवढ्यात पाय क्लचवरून सुटला, ब्रेकवर पोचेना. मी स्टेअरिंगला लटकले. गाडी दोन हिसके देऊन मंदावली. आरशात एक टिपर येत होता.

"वढू नको," बाबा म्हणाले. आवाज अगदी रोजचा. "चाक सरळ धर. नुसता धर." आणि त्यांनी आमच्या दोघांच्या मधला हँडब्रेक वर घेतला. एकदम नाही, विहिरीतून कळशी ओढावी तसा हळूहळू. इंजिन बंद पडलं. गाडी चढावर उभी राहिली, मागे गेली नाही. टिपरवाल्याने हॉर्न दिला आणि वळसा घालून पुढे गेला.

"आता दिवे लाव, चारय. मगे सीट पुढे घे."

मी दिवे लावले, सीट पुढे घेतली. दांडा सोडल्यावर खट्ट असा आवाज आला. सकाळी तो आला होता का, मला आठवेना. आला नसणारच. खाच नीट बसलेली नव्हती. बाबांनी मला कंबरेने मागे रेटायला लावलं, मग पुढे. हलली नाही. गाडी चालू असताना या दांड्याला हात लावायचा नाही, आणि थांबून लावला तरी खट्ट ऐकल्याशिवाय आणि रेटून बघितल्याशिवाय निघायचं नाही. माझी उंची पाच फूट एक, नवऱ्याची पावणेसहा. आमच्या घरी ही सीट रोज मागेपुढे होते, आणि वर्षभरात मी एकदाही रेटून बघितलं नव्हतं.

"तुमच्या ट्रकात असं कधी झालं होतं?" पुन्हा निघाल्यावर मी विचारलं.

"ट्रकाक खय इली असली सीट? फळी होती. उशी घरसून न्हेवक लागा."

सर्वण डिचोली शहराला लागूनच आहे. बाबांचे जुने सोबती पुंडलीककाका तिथेच राहतात. दोघे एकाच खाणीवर ट्रक चालवायचे. आता काका पोफळी आणि भाजी करतात. रस्त्याकडेला त्यांचा जुना ट्रक उभा होता, चाकं काढलेला, हौद्यात भोपळ्याचा वेल चढलेला. दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवले आणि सगळ्यात आधी कोण कोण गेलं त्याची नावं घेतली. मग जेवण झालं: शीत म्हणजे भात, आमसुलाची कढी, आणि सुंगटांची किसमूर, म्हणजे सुक्या कोळंबीची खोबरं घातलेली कोशिंबीर. जेवताना बाबा काकांच्या बायकोला म्हणाले, "वयनी, काल माका हरमलात चोर म्हणान धरल्यानी!"

आणि त्यांनी सगळी हकिगत सांगितली. घाम, कडी, भोंगा, मनगट, नंबर माहीत नसणं. अशी रंगवून सांगितली की काकांना ठसका लागला.

"आनी चेडवान किदें केलें?" वयनींनी माझ्याकडे बघत विचारलं.

"ती बापडी आवाज आयकून धावत इली," बाबा म्हणाले.

मी भातात कढी कालवत राहिले.

परतताना दोडामार्गाचा रस्ता धरला. डिचोलीहून बांद्याला तो जवळचा, अरुंद आहे पण सावलीचा. निम्म्या वाटेवर मी गाडी कडेला घेतली.

"बाबा, मी धावत नाही आले. आवाज मला ऐकू येत होता. दुसऱ्या कुणाची तरी गाडी असेल असं म्हणून मी वर चहा पीत होते."

बाबा काचेतून बाहेर बघत होते. "म्हायत हा माका."

"कसं?"

"तू गॅलरीत उभी होतंस. माका खालसून दिसत होतंस. मी त्यांका सांगितलंय, ती बघा माझी चेडू. हातय केलंय तुका. पण तू फोन धरून समुद्राकडे बघत होतंस. तेंका वाटला मी खोटा सांगतंय."

मला रडू आलं. ते येऊ देऊन त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

"मग मघाशी वयनींना धावत आली असं का सांगितलंत?"

"तेंका सगळा कशाक सांगूक होया? ता तुझा-माझा."

त्यांना घरी सोडलं, दुसऱ्या दिवशी एकटीच कोल्हापूरला आले. सहल तीन दिवसांची. पेट्रोल, खोली, खाणं मिळून परवडणारी. आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर हाच रस्ता धरा, डिसेंबरच बरा. गाडीची दुसरी चावी बाबांकडे ठेवून आले आहे. गाडी इथे आणि चावी बांद्याला, नवरा हसतो. पुढच्या वेळी ते गाडीत बसतील तेव्हा ती त्यांच्याच खिशात असेल.

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये अधूनमधून कुणाच्या तरी गाडीचा भोंगा वाजतो. बहुतेक वेळा मांजराने टपावर उडी मारलेली असते. हातातलं काम ठेवून मी चपला घालते आणि तीन मजले उतरून प्रत्येक गाडीच्या काचेला डोळे लावून आत बघून येते.